गॅप इयरमध्ये दिशाच सापडत नाही: बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पीयूसी (कर्नाटकातली अकरावी-बारावी) किंवा डिग्री झाल्यावर वर्षभर थांबलेल्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी ही उत्तरं आहेत. सगळी एका दमात वाचायची गरज नाही. तुमचा प्रश्न शोधा, तेवढंच वाचा.

कॉलेज सुटून दोन महिने झाले. अभ्यास होत नाही, काम नाही, सकाळी उठावंसं वाटत नाही. मी आळशी झालोय का?

बहुतेक वेळा नाही. पीयूसीपर्यंत तुमचा दिवस दुसऱ्यांनी आखून दिलेला असतो: सकाळची बस, घंटा, लॅब, टेस्ट, संध्याकाळची ट्यूशन. शेवटच्या पेपराला हे सगळं एकदम सुटतं. सुरुवातीचे दिवस मजेत जातात. मग जेवणाची वेळ सरकते, झोप सरकते, मित्र पुण्याला-बेंगळुरूला निघून जातात आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर ‘आज हे केलं’ म्हणण्याजोगं काही सापडत नाही. त्यातून आलेल्या मरगळीला घरात आळस म्हणतात.

दिशा ठरली की उत्साह येईल म्हणून वाट बघत बसणं, ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. क्रम उलटा आहे. आधी दिवस बसवायचा, मग थोड्या थोड्या दिवसांची कामं करून बघायची. काय जमतं आणि कशाचा वीट येतो हे त्यातूनच कळतं. घरात बसून विचार करकरून ते कळत नाही.

दिवस बसवायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

पहिल्या आठवड्यात फक्त दोन गोष्टी. उठायची वेळ एकच ठेवायची, रविवारीसुद्धा. आणि सकाळी ९ च्या आत अंघोळ-नाश्ता उरकून घराबाहेर पडायचं, काम असो वा नसो.

दुसऱ्या आठवड्यापासून दीड-दीड तासाचे दोन तुकडे घाला: एक सकाळी, एक दुपारी चारनंतर. प्रत्येक तुकड्यात एकच काम, आणि ते आदल्या रात्री कागदावर लिहिलेलं. ‘फिजिक्स करायचं’ असं लिहू नका. ‘विद्युतधारेच्या धड्यातले २५ प्रश्न’ असं लिहा, म्हणजे झालं की नाही हे कळतं. तिसरा तुकडा तिसऱ्या आठवड्यात.

बिघडतं कुठे? पहिल्याच दिवशी चौदा तासांचं टाइमटेबल करून भिंतीला चिकटवलं जातं. दोन दिवस पाळलं जातं, तिसऱ्या दिवशी घरी पाहुणे येतात, टाइमटेबल मोडतं आणि अपराधीपणापायी आख्खा आठवडा सोडून दिला जातो. म्हणून नियम सोपा ठेवा: एक दिवस चुकला तर चुकला, सलग दोन चुकवायचे नाहीत. राहिलेलं काम दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरायलाही जाऊ नका.

बसायला घराबाहेरची जागा असली तर निम्मं काम होतं. तालुक्याच्या गावी सार्वजनिक ग्रंथालय असतं, बेळगावात अभ्यासिकाही आहेत. ११ जून २०२३ पासूनच्या शक्ती योजनेमुळे कर्नाटकातल्या मुलींना सरकारी साध्या बसचा प्रवास राज्यात मोफत आहे, त्यामुळे खानापूरहून रोज बेळगावला येणं परवडतं. ओळखपत्र जवळ ठेवा. निपाणीहून कोल्हापूरला जाणाऱ्या आंतरराज्य गाडीला ही सवलत लागू नाही. मुलांची अडचण वेगळी: विद्यार्थी पाससाठी कुठेतरी प्रवेश लागतो आणि गॅपमध्ये नेमका तोच नसतो. त्यांनी रोज न जाता आठवड्यातले तीन ठराविक वार धरावेत.

रात्री तीनपर्यंत जाग असते आणि सकाळी अकराला उठतो. हे कसं मोडायचं?

झोपायच्या वेळेमागे लागू नका, उठायची वेळ धरा. सध्या ११ ला उठत असाल तर दर दोन-तीन दिवसांनी अर्धा तास अलीकडे आणा, सातपर्यंत पोचायला तीनएक आठवडे लागतील. उठल्या उठल्या वीस मिनिटं उजेडात: गच्चीवर, शेताकडे, दूध आणायला, कुठेही. दुपारची झोप वीस मिनिटांच्या वर नको. चहा चारनंतर बंद. फोन रात्री दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा आणि गजरासाठी साधं घड्याळ घ्या. उशाशी फोन ठेवून ‘बघणार नाही’ म्हणणाऱ्यांचं काय होतं हे सगळ्यांनाच ठाऊक आहे.

नीट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) किंवा सीईटी (कर्नाटक राज्याची प्रवेश परीक्षा) परत द्यावी की सोडून द्यावी?

मागच्या पेपराचे मार्क बघून हे ठरवू नका, चुका बघून ठरवा. उत्तरतालिका घ्या आणि चुकलेले, सोडलेले प्रश्न तीन ढिगांत वाटा: मुळात आलंच नाही, येत होतं पण चुकलं, अंदाजाने ठोकलं. नीटला १८० प्रश्न, ७२० मार्क. बरोबरला ४, चुकीला वजा १. अंदाजाने ठोकलेले ३० प्रश्न चुकले तर मिळवलेल्यातले ३० मार्क गेले. दुसरा आणि तिसरा ढीग मोठा असेल तर वर्षभराच्या सरावाने फरक पडतो. पहिला ढीग मोठा असेल, विशेषतः एखादा आख्खा विषयच त्यात असेल, तर त्याच नोट्स पुन्हा वाचून काही होणार नाही. त्या विषयाला शिक्षक लागेल, आणि शिक्षक मिळणार नसेल तर रिपीटचा विचार सोडलेला बरा.

कर्नाटक सीईटीचं गणित वेगळं आहे आणि रिपीट करणारे पुष्कळजण इथे फसतात. इंजिनिअरिंगच्या रँकला पीयूसीचे फिजिक्स-केमिस्ट्री-गणिताचे मार्क निम्मे आणि सीईटीचे निम्मे धरतात. समजा पीयूसीला या तीन विषयांत ६० टक्के आहेत. म्हणजे शंभरातले ३० ठरून गेले, आणि यंदा सीईटीत कितीही जोर लावला तरी ते ३० च राहतात. सीईटीला १८० पैकी १२० पडले तर त्याचे ३३ आणि थोडे वर, एकूण ६३ च्या आसपास. तेच सीईटीचे १५० केले तर एकूण साधारण ७२. या हिशोबाने तुम्हाला हवं ते कॉलेज मिळतंय का हे मागच्या वर्षीच्या कटऑफ रँकशी ताडून बघा आणि मगच वर्ष घाला. या परीक्षेत चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. नीटची सवय झालेली मुलं इथे उगाच प्रश्न सोडून येतात.

जेईई ॲडव्हान्स्डला, म्हणजे आयआयटीच्या प्रवेश परीक्षेला, लागोपाठच्या दोनच वर्षांत दोनदा बसता येतं, ते डोक्यात ठेवा.

हे सगळं करूनही ठरत नसेल तर सहा आठवडे मुदत घ्या. दर रविवारी दुपारी २ ते ५, नीटच्याच वेळेला, घड्याळ लावून पूर्ण पेपर सोडवा. सहा पेपरांत मार्क वर सरकतायत की जागच्या जागी आहेत हे कागदावर दिसेल. आणि एक प्रश्न घरच्यांसमोर नाही, एकट्याने स्वतःला विचारा: ॲडमिशन मिळालीच तर मला जायचंय का? उत्तर नाही असेल तर मार्क वाढवून उपयोग काय?

आम्ही सीमाभागातले. इकडचा फॉर्म भरायचा की तिकडचा, यातच डोकं फिरतं.

कर्नाटक आणि महाराष्ट्र, दोन्हीकडे दार आहे, म्हणूनच गोंधळ जास्त. कर्नाटकात सीईटीच्या प्रवेशासाठी सर्वसाधारण पात्रतेला पहिली ते पीयूसीमधली किमान सात वर्षं राज्यात शिकलेली असावी लागतात. त्यासाठी शाळेचा अभ्यास दाखला लागतो आणि त्यावर गटशिक्षणाधिकाऱ्यांची, म्हणजे बीईओंची सही. जून-जुलैच्या गर्दीत ही सही मिळवायला खेटे घालावे लागतात. डिसेंबरात काम निवांत होतं.

महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंग प्रवेशाला वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळा प्रकार आहे, माहितीपुस्तिकेत तो ‘ई’ म्हणून दिसतो. सीमाभागात शिकल्याचा आणि मातृभाषेचा दाखला पुस्तिकेतल्या ठराविक नमुन्यातच लागतो. साध्या लेटरहेडवर लिहून आणलेला दाखला पडताळणीत अडतो. नोकरीचं पुढे बघत असाल तर एमपीएससीच्या जाहिरातींत महाराष्ट्राने दावा केलेल्या ८६५ गावांतल्या, १५ वर्षं वास्तव्य असलेल्या उमेदवारांसाठी तरतूद असते. आपलं गाव त्या यादीत आहे का, हे गॅपच्या वर्षात बघून ठेवा.

सगळ्यात जास्त फॉर्म अडकतात ते नावापायी. पीयूसीच्या मार्कलिस्टवर ‘पाटील एस आर’, आधारवर पूर्ण नाव आणि वडिलांचं नाव, शाळेच्या दाखल्यावर मराठी धाटणीने वेगळंच स्पेलिंग. आडनाव आधी की नंतर, ‘ई’ एक की दोन, एवढ्यावरून पडताळणी थांबते. एका कोऱ्या कागदावर प्रत्येक कागदपत्रातलं नाव अक्षर न् अक्षर खाली उतरवून काढा. दहावीच्या मार्कलिस्टवरचं नाव मूळ धरा आणि आधार त्याला जुळवून घ्या. दहावीचं नाव बदलून घेणं फार कटकटीचं.

मूळ टीसी कुठल्याही कॉलेजात देण्याआधी तिच्या चार प्रती साक्षांकित करून ठेवा. ‘बघू, सध्या बीएस्सीला नाव घालून ठेवू’ म्हणून मूळ कागद देऊन बसलेली मुलं ऐनवेळी तेच कागद सोडवत फिरतात. बोर्ड किंवा विद्यापीठ बदलणार असाल तर मायग्रेशन सर्टिफिकेटचा अर्जही आत्ताच करा.

गॅपचा दाखला लागतो म्हणे. तो कोण देतं?

कुणी देत नाही, तो तुम्हीच करायचा. ई-स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र, नोटरीची सही-शिक्का. मजकूर चार ओळींचा: अमुक वर्षी अमुक परीक्षा पास झालो, अमुक ते अमुक काळात कुठेही प्रवेश घेतला नव्हता, कारण (परीक्षेची तयारी, आजारपण, घरचं काम, जे खरं असेल ते). कॉलेजचा स्वतःचा नमुना असेल तर तोच वापरा. आधीच करून ठेवण्यात अर्थ नाही, प्रवेशाच्या वेळी करा.

मराठी माध्यमातून शिकलो. कन्नड जेमतेम येतं. या वर्षात शिकावं का?

शिका. भाषेच्या राजकारणावर घरात काय मत असेल ते असो. कर्नाटक सरकारच्या नोकरभरतीत कन्नडचा पेपर आडवा येतो, आणि बँकेत, दवाखान्यात, तहसीलदार कचेरीत रोजचं काम त्याच भाषेत चालतं.

मराठी माणसाला लिपी अवघड नाही, कारण वर्णमालेचा क्रम तोच आहे. अक्षरं ४९. नवीन काय, तर ऱ्हस्व आणि दीर्घ ‘ए’, तसेच ऱ्हस्व आणि दीर्घ ‘ओ’ वेगवेगळे. आपल्याकडे हा फरक नाही, म्हणून आपली मुलं दोन्ही सारखंच उच्चारतात आणि शुद्धलेखनात मार्क घालवतात. जोडाक्षरात दुसरं व्यंजन खाली लटकतं, त्याची वेगळी रूपं घोटावी लागतात. रोज ४० मिनिटं दिली तर महिन्याभरात बसच्या पाट्या वाचता येतात. वाचायला सरकारी शाळेचं तिसरीचं कन्नड पुस्तक घ्या, लाजू नका. बोलण्यासाठी एक माणूस ठरवा, शेजारचे काका, दुकानदार, कुणीही, आणि त्याच्याशी मराठीत बोलायचं नाही असं त्याला सांगूनच ठेवा.

परीक्षा नकोच. हाताला काम शिकायचंय. कुठे जाऊ?

वर्षभराचं काही एकदम धरू नका. चार आठवडे एक काम बघा, मग ठरवा.

बेळगावात उद्यमबागला फौंड्र्या आणि मशीन शॉप आहेत. तिथेच सरकारी टूल रूम आणि प्रशिक्षण केंद्र आहे, ज्याला सगळे जीटीटीसी म्हणतात. मशीन शॉपमध्ये नव्या पोराला पहिल्या दिवशी सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, कुणी उभं करत नाही. कापलेल्या जॉबच्या, म्हणजे मशीनवर घडवलेल्या तुकड्याच्या, कडांवरची बर (राहिलेले धारदार कंगोरे) कानशीने काढायची, मशीन थंड ठेवणारं तेल पुसायचं, जॉब मोजून ट्रेमध्ये लावायचे, असंच काम असतं. ‘हेच करायला आलो काय’ म्हणून पोरं पळतात ती इथेच. या दिवसांत व्हर्नियर आणि मायक्रोमीटर वाचायला शिकून घ्या. साध्या व्हर्नियरवर ०.०२ मिमी, मायक्रोमीटरवर ०.०१ मिमीपर्यंत मोजता येतं. माप बिनचूक सांगणारा पोरगा सुपरवायझरच्या लवकर नजरेत भरतो.

शिवण, दुचाकी दुरुस्ती, दुग्धव्यवसाय, मोबाइल दुरुस्ती यांसाठी ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहेत. प्रशिक्षण मोफत, राहणं-जेवणही तिथेच. आपल्या बँकेच्या शाखेत पुढच्या तुकडीची तारीख विचारा.

घरच्या शेतात काम करत असाल तर तेही काम म्हणून मोजा: कुठले तास, कुठलं काम, हातखर्चाला किती. हे न ठरवता ‘घरीच आहे तर जरा पाणी सोडून ये’ असं सुरू झालं की ऊसतोडीचा हंगाम येईपर्यंत तुमचं वर्ष शेताने खाल्लेलं असतं, आणि घरचे वर म्हणतात की पोरगा काही करत नाही.

अग्निवीरसाठी, म्हणजे सैन्यातल्या चार वर्षांच्या भरतीसाठी, धावणाऱ्यांना एकच: आधी ऑनलाइन लेखी परीक्षा, मग मैदान. १.६ किमीच्या धावण्यामागे लागून लेखीकडे दुर्लक्ष करू नका. आणि नोकरी चार वर्षांची, कायम होतात २५ टक्क्यांपर्यंत, हे घरात स्पष्ट बोलून घ्या.

युवानिधी (कर्नाटक सरकारचा बेरोजगार भत्ता) मिळेल का?

पीयूसीनंतर नाही. डिग्रीवाल्यांना महिना ३,००० रुपये, डिप्लोमावाल्यांना १,५००. पास होऊन १८० दिवस नोकरी नसेल तर, जास्तीत जास्त दोन वर्षं. अर्ज सेवासिंधू या सरकारी पोर्टलवर. पुढचं शिक्षण चालू असेल तर मिळत नाही.

गल्लीत, लग्नात, गणपतीत जो तो विचारतो, ‘काय करायलास सध्या?’ काय सांगू?

एक वाक्य ठरवून ठेवा, खरं आणि छोटं: ‘सीईटी परत देतोय, एप्रिलमध्ये आहे.’ किंवा ‘उद्यमबागला काम शिकतोय, जूनला डिप्लोमा बघणार.’ एक काम आणि एक महिना, बस्स. वाक्यात महिना असला की पुढचा प्रश्न सहसा येत नाही. ‘बघू, अजून ठरलं नाही’ म्हणालात की समोरचे काका तिथेच खुर्ची ओढून सल्ला द्यायला बसतात, आणि त्यांच्या पुतण्याचं पॅकेज ऐकून घ्यावं लागतं.

घरच्यांचं वेगळं. रोज उठून तोच विषय निघत असेल तर वडिलांना सांगा, ‘बाबा, रविवारी जेवणानंतर पंधरा मिनिटं बसू, त्या वेळी सगळं सांगतो.’ आणि खरंच बसा. आठवड्यात काय झालं, काय राहिलं, किती पैसे लागले, तीनच गोष्टी. दोन-तीन रविवार झाले की रोजची कटकट कमी होते, कारण त्यांची भीती बहुतेक ‘हा आपल्याला काहीच सांगत नाही’ याचीच असते.

मुलींच्या बाबतीत गॅप म्हणजे स्थळं बघायला मोकळीक असा अर्थ घरात काढला जातो. म्हणून त्यांनी पुढच्या प्रवेशाची किंवा परीक्षेची तारीख लेखी, अर्जाच्या पावतीसह घरात दाखवून ठेवावी. आईला किंवा मावशीला आधी विश्वासात घेतलं तर सोपं जातं.

नुसतं दिशाहीन वाटतंय की मला नैराश्य आहे, हे कसं ओळखायचं?

सलग दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ मन उदास असणं किंवा आवडत्या गोष्टीतही रस न उरणं. सोबत झोप-भूक बिघडणं, थकवा, एकाग्रता न होणं, आपण कुचकामी आहोत असं वाटणं. एवढं असेल तर टाइमटेबल बदलून भागणार नाही, डॉक्टरांना दाखवा. दिशाहीन वाटणारा मुलगा मित्र आले की हसतो-खेळतो. नैराश्यात तेही नकोसं होतं.

टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, नंबर १४४१६: मोफत, चोवीस तास, भाषा निवडताना मराठी घेता येते. बेळगावात बिम्सच्या (सरकारी मेडिकल कॉलेजच्या) जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. धारवाडला सरकारी मानसिक आरोग्य संस्था आहे, डिम्हान्स. पहिल्या भेटीत मुख्यतः प्रश्न विचारतात: झोप, भूक, किती दिवसांपासून, घरात कुणाला असा त्रास होता का. औषधं सुरू झाली तर गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. आठवड्यात फरक नाही म्हणून किंवा बरं वाटलं म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नका.

जगणं नकोसं झाल्याचे विचार येत असतील तर उद्यावर ढकलू नका. आत्ता १४४१६ वर किंवा ११२ वर फोन करा आणि घरातल्या एकाला तरी सांगा. घरच्यांनी अशा मुलाला एकटं सोडू नये. शेतीची औषधं कुलपात घालून किल्ली दुसऱ्याकडे द्यावी. नुसती वरच्या फळीवर ठेवून चालत नाही. पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नका: २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसाला शिक्षेची नव्हे, उपचाराची गरज आहे असं धरलं आहे.

निम्मं वर्ष असंच गेलं. आता काही होईल का?

डिसेंबर असेल तर सीईटीला सुमारे सोळा आठवडे आहेत, नीटला अठरा-वीस. पूर्ण अभ्यासक्रमाचा हट्ट सोडा. ज्या धड्यांतून दरवर्षी प्रश्न येतात आणि जे तुम्हाला निम्मे-अर्धे येतात, ते आधी पक्के करा. अजिबात न येणारे शेवटी. फॉर्म साधारण जानेवारी ते मार्चमध्ये निघतात. मुदतीच्या शेवटच्या दोन दिवसांत सायबर कॅफेत गर्दी असते आणि साइट लटकते, म्हणून पहिल्या आठवड्यातच भरा. फोन नंबर आणि ईमेल स्वतःचा द्या, कॅफेवाल्याचा नको, नाहीतर ओटीपीसाठी त्याच्या दारात उभं राहायची वेळ येते.